आफ्रिकी आणि स्कॉटिश लोकसंगीताचा मेळ: खरी जवळीक की स्टुडिओची किमया?

धागाकर्ता: मंद्रसप्तक

नमस्कार. 'आफ्रो केल्ट साउंड सिस्टिम' या बँडचे अल्बम मी सध्या क्रमाने ऐकत आहे. १९९६ सालच्या 'व्हॉल्यूम १: साउंड मॅजिक'पासून सुरुवात केली आणि आता २०१६ च्या 'द सोर्स'पर्यंत आलो आहे. सुरुवातीच्या अल्बममधली केल्टिक बाजू (म्हणजे आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्सकडची) मुख्यतः आयरिश आहे. इअर्ला ओ लिनॉर्ड यांचे संथ, तालमुक्त गायन हा तिचा गाभा. 'द सोर्स'मध्ये मात्र ग्रिगर लाउरी हे स्कॉटिश गेलिक गायक आणि बॅगपाइपवादक आले आणि बँडच्या आवाजात स्कॉटलंडचा डोंगराळ भाग ठळकपणे ऐकू येऊ लागला. त्यांच्या सोबतीला गिनी देशातले न्फाली कुयाते यांचा कोरा (हार्पसारखे तारवाद्य) आणि बालाफोन (लाकडी पट्ट्यांचे वाद्य) आहे, शिवाय जॉनी काल्सी यांचा पंजाबी ढोल आहे.

मी तबला शिकलो आहे, थोडे गाणेही शिकलो आहे. पण मला गेलिक येत नाही आणि पश्चिम आफ्रिकेतल्या भाषाही येत नाहीत. त्यामुळे माझे ऐकणे पूर्णपणे सूर आणि लय यांवर उभे आहे. काही जागी कोरा कुठे संपला आणि हार्प कुठे सुरू झाली हे कळत नाही, इतके ते एकजीव वाटते. काही जागी मात्र दोन चांगल्या गोष्टी एकाच ठेक्यावर शेजारी शेजारी मांडून ठेवल्या आहेत, असे वाटत राहते.

माझा प्रश्न असा की या दोन परंपरांच्या मुळातच काही रचनात्मक साम्य आहे, की हा सारा स्टुडिओतल्या कौशल्याचा परिणाम आहे? आणि या एका बँडच्या पलीकडे स्कॉटलंडमध्ये असे काम कोणी केले आहे?

प्रतिसाद: खमाजप्रेमी

प्रश्न फार चांगला आहे. उत्तर तालापासून सुरू करतो, कारण माझ्या मते ही जवळीक सुरांपेक्षा तालात अधिक पक्की आहे.

स्कॉटलंड आणि आयर्लंडमधल्या जिग या नृत्यप्रकारात सहा मात्रा असतात आणि त्या तीन-तीनच्या दोन गटांत पडतात. पश्चिम आफ्रिकेतल्या मांदे लोकांच्या परंपरेत जेंबे आणि दुंदुन या चर्मवाद्यांच्या असंख्य रचना बारा मात्रांच्या चक्रात बसतात, म्हणजे तीन-तीनचे चार गट. इथपर्यंत हे साधे गणित आहे. खरी मौज अशी की त्याच बारा मात्रा दोन-दोनच्या सहा गटांतही मोजता येतात आणि आफ्रिकी वादक ही दुसरी मोजणी पहिलीच्या अंगावर सतत चालती ठेवतात. तुम्ही तबला शिकला आहात, तेव्हा दोनावर तीन म्हणजे आड, हे तुम्हाला सांगायला नको. फरक एवढाच की आपल्याकडे आड लय मूळ लयीवर घेतली जाते आणि समेला ती सोडायची असते. तिकडे दोन्ही मोजण्या शेवटपर्यंत जिवंत राहतात आणि कोणती धरायची हे पुष्कळदा नाचणाऱ्याच्या पायांवर अवलंबून असते. म्हणूनच जिगची चाल या चक्रावर ठेवली तर फिडलवादकाला (फिडल म्हणजे व्हायोलिन) तीत काहीही बदलावे लागत नाही. त्याची धून तीच राहते, पण खालून दुसरी मोजणी आल्यामुळे ती वेगळ्याच वजनाने पुढे सरकते.

सगळेच प्रकार असे सहज बसत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. स्ट्रॅथस्पे हा खास स्कॉटिश नृत्यप्रकार आहे आणि त्यात ठोक्यावर आखूड स्वर येऊन लगेच लांब स्वर येतो, ज्याला 'स्कॉच स्नॅप' म्हणतात. हा झटका गेलिक भाषेच्या उच्चारातूनच आला असावा असे अनेक जाणकार मानतात. समान विभागलेल्या यंत्रतालावर स्ट्रॅथस्पे ठेवला की हा झटका बोथट होतो आणि स्ट्रॅथस्पेचे स्ट्रॅथस्पेपण तिथेच संपते. अशा मिश्र बँडमध्ये जिग आणि रील हे नृत्यप्रकार भरपूर सापडतात आणि स्ट्रॅथस्पे क्वचित सापडतो, त्याचे हे एक कारण असावे.

आता सुरांविषयी. हायलंड बॅगपाइपच्या सुरनळीवर एकूण नऊ स्वर निघतात आणि त्यांची सप्तकरचना आपल्या खमाज थाटाच्या जवळ जाते, म्हणजे निषाद कोमल. खांद्यावरच्या तीन नळ्यांपैकी दोन मध्यम आकाराच्या आणि एक मोठी. या तिन्ही अखंड षड्ज देत राहतात. बदलत्या कॉर्डवर उभे राहणारे हे संगीतच नव्हे, ते आधारस्वरावर उभे राहते. मात्र स्कॉटिश धुनांची एक लकब फार लक्षणीय आहे. धून एकदा षड्जावर मांडतात आणि लगेच तोच आकृतिबंध एक पूर्ण स्वर खाली, कोमल निषादावर, मांडतात. खालच्या नळ्यांतला षड्ज मात्र तसाच चालू असतो. त्या क्षणी जो ताण निर्माण होतो तो पाइप संगीताचा प्राण आहे. गंमत अशी की दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा लोकांचे उहादी हे तुंबा लावलेले धनुष्यवाद्यही एकाच तारेवर दोन आधारस्वर देते आणि त्यांतले अंतरही साधारण एका पूर्ण स्वराचेच असते. त्यांचे गाणे या दोन आधारांमध्ये झुलते. एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या दोन समाजांनी दोन वेगळ्या वाद्यांवर गाण्याची सारखीच बांधणी उभी केली, याचे मला मनापासून आश्चर्य वाटते.

कोऱ्याविषयीही थोडे लिहितो, कारण तुमचा गोंधळ कोरा आणि हार्प यांच्यात होतो आहे. कोरा म्हणजे अर्ध्या मोठ्या भोपळ्यावर गाईचे कातडे ताणून केलेले एकवीस तारांचे वाद्य. अकरा तारा डाव्या हाताला आणि दहा उजव्या हाताला असतात. वादक केवळ दोन अंगठे आणि दोन तर्जन्या यांनी वाजवतो, बाकीची बोटे दांडे धरण्यात गुंतलेली असतात. पूर्वी तारा हरणाच्या कातड्याच्या पिळलेल्या वादीच्या असत, आता मासेमारीचा नायलॉनचा दोरा लावतात. अंगठे खाली एक फिरणारी आकृती चालू ठेवतात, तिला कुंबेंगो म्हणतात, आणि तर्जन्या वर धावत्या ताना घेतात, त्या बिरिमिंतिंगो. हार्पवर डावा हात जे काम करतो ते इथे अंगठे करतात, म्हणून नाद इतका जवळचा वाटतो. ओळखायची खूण म्हणजे हार्पचा स्वर गोल आणि लांब राहणारा असतो, तर कोऱ्याच्या स्वराला सुरुवातीला कोरडी टोच असते.

कोऱ्याच्या जुळणीचे चार पारंपरिक प्रकार सांगतात. त्यांतला हार्दिनो आपल्या बिलावलाच्या जवळ जातो आणि साउता या प्रकारात मध्यम तीव्र होतो. खमाजाच्या अंगाने जाणाऱ्या पाइपला साउता मुळीच मानवत नाही, त्यामुळे वादकाला जुळणी निवडूनच बसावे लागते. मालीच्या दक्षिणेकडच्या वासुलू भागातले संगीत मात्र पाच स्वरांचे आहे आणि गेलिक गाण्यांतलीही पुष्कळशी गाणी पाचच स्वरांत, आपल्या भूपाच्या अंगाने जातात. हे दोन प्रवाह एकत्र आणायला स्टुडिओची फारशी मदत लागत नाही, असे माझे मत आहे.

प्रतिसाद: ध्वनिमिश्रक, मुंबई

खमाजप्रेमी यांचा प्रतिसाद अतिशय माहितीपूर्ण आहे. पण स्टुडिओचे काम त्यांनी थोडे हलके धरले आहे, असे मला वाटते. मी ध्वनिमिश्रणाचे काम करतो, त्यामुळे मला या मेळातल्या अडचणी आधी दिसतात.

पहिली अडचण पट्टीची. हायलंड पाइपचा षड्ज कागदावर 'ए' लिहिला जातो, पण प्रत्यक्षात आज तो ४७० ते ४८५ हर्ट्झच्या आसपास वाजतो, म्हणजे पियानोच्या 'बी फ्लॅट'पेक्षाही किंचित चढा. कोरा बहुधा 'एफ'च्या आसपास जुळवलेला असतो आणि बालाफोनच्या लाकडी पट्ट्या तर एकदा तासल्या की तासल्या, मैफलीत त्या जुळवता येत नाहीत. दुसरी अडचण आवाजाची. एक वाद्य उघड्या मैदानावर फौजेला ऐकू जावे म्हणून वाढले आणि दुसरे अंगणात बसलेल्या माणसांसाठी. दोन्ही एकाच रंगमंचावर उभी केली तर कोऱ्याच्या मायक्रोफोनमध्येही पाइपच शिरतो.

यावर उपाय आहेत आणि ते वादकांनीच शोधले आहेत. भात्याने हवा भरण्याचे, घरात वाजवण्याजोगे 'स्कॉटिश स्मॉलपाइप' हे सौम्य वाद्य १९८० च्या दशकात पुन्हा प्रचारात आले आणि ते पियानोच्या पट्टीत मिळते. कोऱ्याला आता कातडी कड्यांऐवजी गिटारसारख्या खुंट्या बसवतात, त्यामुळे पट्टी बदलणे सोपे झाले. ही दोन वाद्ये आधी बदलली, म्हणून आज ती एका मंचावर बसू शकतात. तेव्हा या मेळात यंत्राचा आणि कारागिराचा वाटा मोठा आहे आणि तो मान्य केल्याने संगीताला कमीपणा येत नाही.

तुम्हाला 'शेजारी शेजारी मांडल्यासारखे' जे वाटते, त्याचे कारण मात्र बहुतेक वेळा यंत्रताल हेच असते. १९९० च्या दशकात एक ठेका संगणकावर फिरत ठेवायचा आणि त्यावर एकेका वादकाचे स्वतंत्र ध्वनिमुद्रण चढवायचे, ही पद्धत रूढ होती. अशा वेळी फिडलवाला आणि जेंबेवाला एकमेकांना ऐकत नाहीत, दोघेही यंत्राला ऐकतात. पाश्चात्त्य नृत्यसंगीताचा ठेका घरमालक होतो आणि दोन्ही परंपरा त्याच्याकडे भाडेकरू म्हणून राहतात. आफ्रो केल्टच्या पहिल्या अल्बमविषयी मात्र एवढे म्हणेन की तो पीटर गॅब्रिएल यांच्या रिअल वर्ल्ड स्टुडिओत घडला, जिथे निरनिराळ्या देशांतले वादक एकाच वेळी एकाच आवारात मुक्कामाला होते. म्हणून यंत्र असूनही त्यात माणसे एकमेकांना उत्तर देताना ऐकू येतात.

आणखी एक गोष्ट मला खटकते आणि ती स्पष्टपणे लिहितो. 'वर्ल्ड म्युझिक' हे नाव १९८७ साली लंडनमध्ये काही छोट्या रेकॉर्ड कंपन्यांनी दुकानातला कप्पा ठरवण्यासाठी मुक्रर केले. त्या कप्प्यात गेलेल्या कितीतरी ध्वनिमुद्रणांत आफ्रिकी वादकाचे नाव बारीक अक्षरांत 'पाहुणे कलाकार' म्हणून येते आणि धून त्याच्या घराण्यातली असूनही रचनाकार म्हणून निर्मात्याचे नाव लागते. न्फाली कुयाते हे या बँडमध्ये वर्षानुवर्षे मुख्य कलाकार म्हणून राहिले, ही गोष्ट मला त्यांच्या सुरांइतकीच महत्त्वाची वाटते.

प्रतिसाद: क्लाइडकाठ

मी ग्लासगोमध्ये राहतो. येथे दर जानेवारीत 'केल्टिक कनेक्शन्स' हा महोत्सव भरतो. तो १९९४ मध्ये सुरू झाला आणि गेलिक गायकांच्या बरोबरीने माली, सेनेगल येथले कलाकारही त्यात येत असतात. त्यामुळे हा मेळ येथल्या रसिकांना आता नवा राहिलेला नाही. सूर आणि ताल यांवर वर उत्तम चर्चा झाली आहे, म्हणून मी समाजाच्या बाजूने लिहितो.

मांदे समाजात गायन-वादन हा वंशपरंपरागत अधिकार आहे. कुयाते, दियाबाते, सिसोको, जोबार्ते, सुसो ही त्या गायक-इतिहासकारांची, म्हणजे जेलींची आडनावे. तेराव्या शतकात माली साम्राज्य उभारणाऱ्या सुंजाता केईता याचा जेली बाला फासेके कुयाते होता, असे परंपरा सांगते. न्फाली कुयाते यांच्या आडनावामागे एवढा इतिहास उभा आहे. राजवंशाची वंशावळ तोंडपाठ ठेवणे, पराक्रम गाणे, तंट्यात मध्यस्थी करणे आणि प्रसंगी राजाला चार शब्द सुनावणे, ही त्यांची कामे. आता गेलिक स्कॉटलंडकडे पाहा. मॅकवुरिख घराणे पिढ्यानुपिढ्या कवी आणि वंशावळीचे जाणकार म्हणून सरदारांच्या पदरी होते, तर मॅकक्रिमन घराणे स्काय बेटावरच्या डनव्हेगन येथील मॅक्लाउड सरदारांचे वंशपरंपरागत पाइपवादक होते. पाइपवरच्या मोठ्या रचना लिहून नव्हे, तर 'काउन्तरख्क' नावाच्या तोंडी बोलांतून शिकवल्या जात, अगदी आपल्याकडे तबल्याचे बोल पढंत करून शिकवतात तसे. १७४६ च्या कलोडनच्या लढाईत हायलंडमधल्या बंडखोर फौजा हरल्या, त्यानंतर सरदारी व्यवस्था मोडली, पदरी असलेल्या कलावंतांचा आधार गेला आणि पुढे हजारो कुटुंबांना जमिनींवरून उठवण्यात आले. मांदे जेलींची साखळी मात्र आजही चालू आहे. गेलिक कलाकारांना कोरावादकांविषयी जी ओढ वाटते, तिच्यामागे ही जाणीव असावी असे मला नेहमी वाटते.

दुसरे साम्य कामाच्या गाण्यांचे. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या हेब्रिडीज बेटांवर हातमागावर विणलेले लोकरीचे कापड घट्ट करण्यासाठी ते साठवलेल्या मूत्रात भिजवून बायका एका लांब फळीभोवती बसत आणि ते ओले कापड फळीवर आपटत एकीकडून दुसरीकडे सरकवत. एकीने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी पालुपद उचलायचे. ओळीला अर्थ असतो, पालुपद मात्र पुष्कळदा निरर्थक अक्षरांचे असते, 'हो रो', 'हि रि' अशा धर्तीचे. आफ्रिकेतल्या कामाच्या गाण्यांतली हाक आणि प्रतिसाद याच जातीचे आहेत. निरर्थक अक्षरांमुळे एक सोय झाली: गेलिक न येणारा सेनेगलचा गायकही त्या पालुपदात पूर्ण हक्काने सामील होऊ शकतो आणि गाण्याचा अर्थ बिघडत नाही.

मात्र या साम्यांवरून 'केल्ट आणि आफ्रिकी मुळात एकच' असे जे कधीकधी लिहिले जाते, ते मला अजिबात पटत नाही. केल्टिक भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या आहेत आणि मांदे भाषांचे कूळ पूर्णपणे वेगळे आहे. सारखे काम आणि सारखी समाजरचना यांतून सारखी गाणी उपजू शकतात, त्यासाठी रक्ताचे नाते जोडण्याची गरज नाही. याच धर्तीची आणखी एक चर्चा आहे. हॉर्नवादक आणि जाझकार म्हणून ओळखले गेलेले येल विद्यापीठाचे विली रफ यांनी असे मांडले की एकाने ओळ सांगायची आणि सभेने ती आळवत म्हणायची ही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चर्चमधली पद्धत लुइस बेटासारख्या ठिकाणच्या गेलिक स्तोत्रगायनातून आली. अनेक अभ्यासकांनी यावर आक्षेप घेतला, कारण ओळ सांगण्याची ही रीत इंग्रजी प्रार्थनांतही सर्वत्र होती. मलाही तो आक्षेप योग्य वाटतो.

खरे नाते हवेच असेल तर ते ग्लासगोच्या रस्त्यांच्या नावांत आहे. येथे जमैका स्ट्रीट आहे, व्हर्जिनिया स्ट्रीट आहे. तंबाखू आणि साखरेच्या व्यापारावर हे शहर श्रीमंत झाले आणि ते मळे आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या श्रमावर चालत होते. जमैकातल्या मळेवाल्यांत स्कॉटिश माणसे मोठ्या संख्येने होती. त्याच शहरात आज एक गिनीचा जेली आणि एक गेलिक गायक एका मंचावर बरोबरीने बसतात, तेव्हा मी त्या घटनेला मनोरंजनापेक्षा अधिक मानतो.

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

तिघांचेही मनापासून आभार. आड लयीचा खुलासा वाचून पहिला अल्बम पुन्हा ऐकला आणि तीन-तीनच्या खाली चाललेली दुसरी मोजणी आता स्वच्छ पकडता येते. कृपया पुढे काय ऐकावे तेही सुचवावे, विशेषतः यंत्रतालाशिवायचे.

प्रतिसाद: खमाजप्रेमी

स्कॉटलंडपुरते बोलायचे तर आरंभ 'माउथ म्युझिक'पासून करा. मार्टिन स्वॉन आणि टॅलिथा मॅकेन्झी यांनी १९९० साली याच नावाचा अल्बम काढला, म्हणजे आफ्रो केल्टच्या कितीतरी आधी. गेलिकमध्ये वाद्य नसताना नाचण्यासाठी तोंडाने धून म्हणण्याचा 'पुर्श्त आ बिअल' नावाचा प्रकार आहे. शब्द भराभर, अर्थापेक्षा उच्चारांच्या ठोक्यासाठी निवडलेले. या दोघांनी तो प्रकार घेऊन त्याखाली आफ्रिकी तालवाद्ये ठेवली. त्यात सिंथेसायझर आहेच, तरी कान गायिकेच्या व्यंजनांवर ठेवा. गेलिकमधले कठोर आणि महाप्राण वर्ण स्वतःच एक तालवाद्य होतात आणि हातांनी वाजणारी चामड्याची वाद्ये त्यांना उत्तर देतात. इथे गाणे तालावर ठेवलेले नाही, दोन ताल एकमेकांत गुंतलेले आहेत.

यंत्राशिवाय ऐकायचे असेल तर थोडे स्कॉटलंडबाहेर जावे लागेल. वेल्सच्या हार्पवादक कॅट्रिन फिंच आणि सेनेगलचे कोरावादक सेकू केईता यांचा २०१३ चा 'क्लिखाय दिबोन' हा अल्बम घ्या. फक्त दोन वाद्ये, त्यामुळे कोरा आणि हार्प वेगळे ओळखण्याचा तुमचा सराव तिथे उत्तम होईल. त्यांच्या २०१८ च्या 'सोअर' या अल्बममागे वेल्समधून पश्चिम आफ्रिकेकडे स्थलांतर करणारा ऑस्प्रे हा मासेमार शिकारी पक्षी आहे.

प्रतिसाद: ध्वनिमिश्रक, मुंबई

यात एडिनबराच्या 'शूगलनिफ्टी' या बँडची भर घालतो. आफ्रिकेचा संबंध नाही, पण त्यांनी राजस्थानच्या 'धुन धोरा' या लोककलाकारांच्या गटासोबत २०१८ मध्ये 'रिटन इन वॉटर' हा अल्बम केला. स्कॉटिश फिडल आणि मारवाडी गायन एकत्र ऐकताना आपल्या कानांना निदान एक बाजू ओळखीची असते, त्यामुळे मेळ कुठे जमतो आणि कुठे ओढाताण होते हे चटकन कळते. तो ऐकून झाल्यावर 'द सोर्स'कडे परत या आणि ढोल, कोरा व पाइप यांपैकी एका वेळी एकाच वाद्याचा माग काढत ऐका. हेडफोन साधे चालतील, मात्र मोबाइलच्या स्पीकरवर कोऱ्याचे खालचे स्वर मुळीच येत नाहीत आणि कुंबेंगो निसटतो.